वय साठवायचं नसतं

३ जून
लागले बाई एकदाची कामाला! तीन वर्षं घरात भिंतींशी बोलत बसले होते. मुलांचा दवाखाना, खिडकीजवळचं टेबल, स्वतंत्र संगणक. थाटच आहे माझा. माझ्या ठकूला लस टोचायला इथेच आणायचो. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच धडा दिला: वय कधी टाइप करायचं नाही, उद्या ते चुकतं. फक्त जन्मतारीख भरायची. वय, त्या वयाची उंची, वजन, सगळं डेटाबेस नोंद उघडताक्षणी स्वतः काढतो. मूल गेलं असेल तर मृत्यूची तारीख भरायची, की हिशेब तिथेच थांबतो. म्हटलं, एवढं डोकं आहे हो मला.

६ जून
जुन्या नोंदी तपासताना ठकू निघाली. चार वर्षांची असताना गेली माझी पोर. इथे वय: सात वर्षं दोन महिने. मृत्यूच्या तारखेचा रकाना कुणी भरलाच नव्हता. भरणं आता माझं काम. भरवेना, रकाना तसाच ठेवला. सात वर्षांची! उंची एकशे वीस सेंटीमीटर. येताना त्या मापाचा फ्रॉक आणला. तिच्या बाबांना दाखवला नाही, उगाच रडतील.

९ जून
सकाळी स्वयंपाकघरात उभी होती. फ्रॉक अगदी बेतून शिवल्यासारखा बसला होता. मी कवटाळलं. अंग गार होतं. असू दे.

११ जून
तिच्या बाबांनी तिला पाहिलं. ही आपली नव्हे म्हणाले, आणि भावाकडे निघून गेले. पोर स्वतःचं नाव सांगते. वय सांगते, दिवसांसकट. मी तुझी कोण विचारलं, तर पुन्हा वयच सांगते. ते कुठल्या रकान्यात नव्हतं ना.

१३ जून
काही खात नाही. वजन वाढतंच आहे. चेहरा मात्र चार वर्षांचाच, ताणून बसवलेला — ओठांपाशी कातडी फाटतेय. दुखतं म्हणते. थांबव म्हणते.

१४ जून, दुपार
दवाखान्यात. ती शेजारी उभी आहे. वही मांडीवर. आई आहे मी, मीच थांबवायला हवं — मृत्यूच्या रकान्यात दिवस भरला. महिना भरला. वर्षाचे दोन आकडे —

गार हात मानेवर. ‘आई’ म्हणाली. पहिल्यांदाच. अगदी तश्शीच —

पुसते, बाळा, सगळं पुसते. आठ वर्षांची हो, नऊ वर्षांची हो — फाटलं तर मी शिवून देईन, मी शि—