नेम चुकला म्हणून

चामराजपेट, बंगळूर
६ ऑक्टोबर १९९६

चि. मुग्धास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

शाळेच्या पत्त्यावर पत्र आलं म्हणून दचकू नकोस. इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, आणि त्यांच्याहून जास्त आई.

ऑफिसात मात्र मी तोंडावर आपटले. मागे तुला सांगितलं होतं ना, उपग्रहांच्या वाटेत जुन्या रॉकेटांचे तुकडे फिरत असतात. जुलैत एका फ्रेंच उपग्रहाला तसाच तुकडा धडकला. गणपतीच्या आधी आमच्याही एका उपग्रहाच्या अगदी जवळून एक गेला. मी आदल्या दिवशी ओरडत होते, वाट जरा बदलू या. इंधन फुकट जाईल म्हणून वरच्यांनी हलू दिलं नाही. तुकडा निघून गेला आणि साहेबांच्या टेबलावर म्हैसूरपाक आला.

मग मी सरकारकडे टिपण पाठवलं, या तुकड्यांवर नजर ठेवायला वेगळा कक्ष द्या, वेळ आली तर उपग्रह हलवायचा अधिकार द्या. दिल्लीचे अधिकारी येऊन गेले. "मॅडम, टक्कर हुई क्या? नहीं ना?" एवढंच बोलले. मी सांगत राहिले, वाटा त्याच आहेत, त्या पुन्हा एकमेकींना छेदणारच. या खेपेला वाचलो ते आपल्या हुशारीनं नव्हे. पालथ्या घड्यावर पाणी. फाइल परत आली.

घरी येताना बसमध्ये मला रडू आलं. फाइलीसाठी नाही गं.

हेच मी आधी ऐकलं होतं, मराठीत, तुझ्या घरी गौरीच्या जेवणाला. दाराच्या चौकटीतली खोक पाहून विचारलं, तर तू हसत म्हणालीस, "ह्यांनी अडकित्ता भिरकावला. नेम कच्चा आहे त्यांचा, कुणाला लागलं नाही." आईही म्हणाली, "लागलं नाही ना? मग सणासुदीला कशाला उकरायचं?" विद्याधरराव समोरच पान लावत बसले होते.

मुग्धा, ती खोक शाल्मलीच्या डोक्याच्या उंचीला आहे. निघताना पोरीनंच सांगितलं, अडकित्ता आला तेव्हा ती त्याच दारात चपलेचा पट्टा लावायला खाली वाकली होती. तू हे सांगितलं नाहीस. मला तुझा राग येतो, आणि त्याहून जास्त भीती वाटते.

आईशी बोलले. आधी ‘लोक काय म्हणतील’ झालं, मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आण तिला." घरमालकीण गंगव्वा तर म्हणाल्या, "तुझी तंगी, धाकटी बहीण, ती माझीपण धाकटीच. स्वल्प अडजस्ट माडोणा, थोडं जमवून घेऊ."

दसऱ्याची सुट्टी लागली की ‘आईला बघून येते’ एवढंच सांग आणि त्याच रात्री पोरीला घेऊन गाडीत बस. सामान फार घेऊ नकोस. सकाळी मी स्टेशनवर उभी असेन. उतरली नाहीस, तर दुसऱ्या दिवशीही असेन.

पत्र शाळेतच फाडून टाक. आणि तोवर, हात जोडते, शाल्मलीला त्या दारात उभी राहू देऊ नकोस.

जीव टांगणीला लागलेली तुझी अक्का,
प्रमोदिनी