क्लटरला मराठी शब्द

शनिवार, १७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

"मी मोठी झाले ना, की माझ्या घरात एक टेबल असेल आणि त्याच्यावर काहीच नसेल." तू दहावीत असताना हे म्हणाली होतीस. तुझ्या भूगोलाच्या वहीत आईने टाचण्या टोचून ठेवल्या होत्या आणि कंपासपेटी शोधताना तुला कोणाच्या तरी झग्याची बाही सापडली होती. आई शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "मग त्या टेबलावर करशील काय?" तू रडकुंडीला आलीस आणि मी हसले. काल दिवसभर ते वाक्य डोक्यात होतं.

तुझी पाठ, भावोजींची बदली आणि भाचीचे मार्क, सगळं फोनवर विचारून झालंय. त्यामुळे ख्यालीखुशाली इथेच आटोपते. इकडे आई नीट जेवते, नीट झोपते. उजवा हात अजून मशीन चालवण्याइतका झालेला नाही, पण कापडाची घडी घालतो. माझा खोकला गेला. नवरा मजेत आहे, म्हणजे कुरकुरतोय.

पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मी गप्प होते, म्हणून. कागद मध्ये बोलत नाही.

आमच्या शब्दकोशाचं काम 'सी' अक्षरात रुतून बसलंय. शाळेतल्या मुलांसाठीचा इंग्रजी-मराठी कोश आहे, त्यामुळे प्रत्येक शब्दाला दोन ओळी आणि एक उदाहरण. त्याहून जास्त जागा मागितली की आमचे संपादक कपाळाला हात लावतात. या आठवड्यात माझ्या वाट्याला 'क्लटर' आला. मला तो पाहून हसूच आलं. गेल्या महिन्यात फोनवर तू मला सारखं बजावत होतीस, "पुन्हा क्लटर होऊ देऊ नकोस." तू आईसाठी पाहिलेल्या त्या ज्येष्ठांच्या निवासाच्या व्यवस्थापक बाई घर बघायला आल्या, त्याही चपला काढता काढता म्हणाल्या, "अरे बापरे, क्लटर फार आहे." त्या गेल्यावर आईने मला विचारलं, "काय आहे म्हणाली ती?"

"सामान," मी म्हटलं.

इतकी वर्षं शब्दांवर पोट भरते आणि आईला सांगितलं काय, तर सामान.

कार्यालयात मी आधी नुसतं 'पसारा' लिहिलं. प्रुफं तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "अडगळ लिहा." टायपिंग करणारी पोरगी म्हणाली, "राडा लिहा ना, मुलांना तेवढंच कळेल." त्यावर बाई म्हणाल्या, "मग माझ्या सुनेची खोली असंच लिहा, पत्ता देते." हसणं थांबल्यावर मी कागद घेऊन संपादकांकडे गेले. त्यांनी आपलं उदाहरण आधीच लिहून ठेवलं होतं: तिने टेबलावरचा पसारा आवरला.

"सर, पसारा म्हटलं की तो आवरलाच पाहिजे का?"

"मग दुसरं काय करतात पसाऱ्याचं?"

 उत्तर मला घरी येताना, नेहमीप्रमाणे, सुचलं.

इंग्रजीत तो एकच शब्द सगळीकडे चालतो. कपाटात, टेबलावर, डोक्यात. आपल्याकडे तसं भागत नाही. अडगळ म्हणजे जे कोणालाच नको असतं आणि तरी पायात येतं. जिन्याखालची मोडकी खुर्ची ही अडगळ. पसारा मात्र कोणीतरी मांडलेला असतो. त्याच्या मधोमध एक माणूस बसलेलं असतं, नाहीतर नुकतंच पाणी प्यायला उठलेलं असतं. पसारा दिसला की आपण विचारतो, "काय चाललंय?" अडगळीला असं कोणी विचारत नाही. हे दोन्ही शब्द मी वेगवेगळे द्यायचे ठरवलेत. दोन ओळींच्या तीन होतील. संपादक रागावतील, रागावू देत.

हे सगळं तुला सांगतेय कारण आईला निवासात हलवायला तू पुढच्या महिन्याच्या एक तारखेला टेम्पो ठरवला आहेस.

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू सगळं टाकून आलीस, हे मी विसरलेले नाही. इस्पितळात तू होतीस म्हणून डॉक्टर आमच्याशी सरळ बोलले. आणि आई घरी यायच्या आधी तू जे केलंस ते चुकीच्या हेतूने केलं नाहीस, हेही लिहून ठेवते. ती कापडाच्या ढिगात पाय अडकून पडली असती. इस्त्री एकदा तापलेली राहून गेली होती, तो काळा डाग अजून आहे. तू चार दिवस कंबर मोडेपर्यंत राबलीस. झाकणाचे पांढरे डबे आणलेस, प्रत्येकावर चिठ्ठी लावलीस, कतरणांची पोती बाहेर काढलीस, फरशी घासलीस. त्या घराची फरशी हिरवट आहे हे मला चाळिशीत कळलं.

मग आई आली, खुर्चीत बसली आणि बोलायची थांबली.

डॉक्टर म्हणाले होते की वस्तूंची नावं जातील, हळूहळू येतील. तू गेल्यावर बरेच दिवस काहीच आलं नाही. मी कामावरून तिच्याकडे जायची, पोळी-भाजी पुढे ठेवायची. ती "हो" म्हणायची, "नको" म्हणायची. हात मांडीत. समोर पांढरे डबे, एकावर एक. तुला मी फोनवर "बरी आहे" सांगत राहिले.

एके दिवशी माझ्या कुर्त्याचं बटण तुटलं म्हणून मी एक डबा पलंगावर उपडा केला. आईने पुढे होऊन त्यातलं एक मोठं बटण उचललं, अंगठ्याने चोळलं आणि म्हणाली, "कोटाचं." मग दुसरं. "हे लहान मुलाचं. झबलं." मग माझ्याकडे बघून, "धाकटे, सुई कुठाय?"

ताई, झटक्यानंतर तिने मला पहिल्यांदा हाक मारली ती अशी.

त्यानंतर मी रोज एकेक डबा उघडला. तुझी मेहनत मी मोडली, हे तुला आज पहिल्यांदा सांगतेय. बॉबिनी खिडकीत गेल्या, मापाची टेप दाराच्या कडीला. अस्तरं खुर्चीच्या पाठीवर. मी काही चुकीच्या जागी ठेवलं की ती हाताने ढकलायची, "इथे नाही. तिकडे. ऊन येतं तिकडे." तिला शब्द हवा असला की ती खोलीभर नजर फिरवते. वस्तू दिसली, हाताला लागली, की शब्द येतो. नाही दिसली तर नाही येत. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ना, तिच्या बाबतीत ते तंतोतंत खरं झालंय.

माणसांचंही तसंच. शेजारच्या काकूंचा ब्लाउज अर्धवट शिवलेला दारामागे टांगलाय. त्या आल्या की आई आधी त्याच्याकडे बघते आणि मग म्हणते, "ब्लाउज आली." काकू मला म्हणाल्या, "हा शिवून झाला की मला विसरेल गं ही. लटकू दे तसाच, मला काही घाई नाही. नाहीतरी आता तो अंगात जायचा नाही." माझ्या नवऱ्याला ती आखूड करायला दिलेल्या पँटवरून ओळखते. तो रोज येऊन पँट झाली का विचारतो, ती रोज त्याला उद्याचा वायदा करते. दोघंही खूश.

त्या निवासात एक पलंग, एक कपाट आणि दोन बॅगा चालतात. खोल्या सुंदर आहेत, खिडकीतून झाडं दिसतात. टेबलावर काहीच नाही.

आता दिवे लागलेत. आईला औषध द्यायचंय. उरलेलं उद्या.

रविवार, सकाळ

कालचं वाचलं. सगळं खरं आहे, पण मी अजून कडेकडेनेच फिरतेय. आता सरळ लिहिते.

पहिली गोष्ट. निवासाला दोघींची संमती लागते. माझी मिळणार नाही. हे मी चिडून लिहीत नाहीये. चहा पिऊन, शांतपणे लिहितेय. टेम्पोवाल्याचा नंबर तू मला दिला होतास, त्याला मी परवाच नको म्हणून कळवलंय.

दुसरी. मी इथे राहायला आलेय. पंधरवडा झाला. नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, "मग मी काय करू?" मी म्हटलं, "जेवायला इकडे ये." त्यावर म्हणाला, "तिथे बसायला जागा आहे का?" मी एक खुर्ची रिकामी केली. आईने ती दुसऱ्या दिवशी भरली. आता तो पलंगाच्या कडेला बसून जेवतो. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट मी मोकळी ठेवलीय, तिथे चिंधीसुद्धा पडू देत नाही, त्यावरून आमची रोज भांडणं होतात. इस्त्री माझ्या कपाटात, कुलपात. तुझी भीती खोटी नव्हती, म्हणून तेवढं मी करतेय. बाकीचं तिच्या मनासारखं राहील.

तिसरी गोष्ट लिहायला सोपी नाही.

गेला महिनाभर तू फोन करतेस तेव्हा मी सांगते, आई झोपलीय. ती झोपलेली नसते. समोर बसलेली असते, कधी कधी तर माझ्या हातातला फोन बघत असते.

गेल्या महिन्यात काकूंनी तिला सहज विचारलं, "थोरली कशी आहे?" आईने नेहमीसारखी खोलीभर नजर फिरवली. खिडकी, मशीन, खुर्च्या, दाराची कडी. पुन्हा एकदा खिडकी. मग उठली, पलंगावरचे तुकडे वरखाली केले, उशी उचलून बघितली. काकू घाबरल्या, "अहो राहू द्या, राहू द्या." आई थकून खाली बसली आणि म्हणाली, "होती ना एक."

मी तुझा फोटो दाखवला, भाचीच्या बारशातला. तिने निरखून बघितला आणि म्हणाली, "साडी छान आहे. फॉल मी लावलाय." फॉल तिनेच लावला होता. पण साडी नेसलेली कोण, ते नाही. तुझं नाव मी सांगितलं, तिने माझ्यामागून म्हटलं, शाळेतल्या पोरीसारखं. संध्याकाळपर्यंत ते पुसलं गेलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा गेलं.

मग मी घरभर तुझं काहीतरी शोधलं, ताई. एखादी ओढणी, चप्पल, मोडका कंगवा. काही नाही. लग्न झाल्यावर तू तुझं सगळं नीट बांधून नेलंस. जे राहिलं होतं ते या वेळी आवरताना तू स्वतःच पोत्यात भरून दिलंस, तुझं दप्तरसुद्धा. माझ्या लहानपणच्या रबरबँडा इथे अजून निघतात. तुझं एक बटणही नाही. या घरात तू कधी पसारा केलाच नाहीस.

यात मी तुला दोष देत नाही. तुला तेव्हा किती गुदमरायला व्हायचं ते मी पाहिलंय. झोपताना तू गादीच्या कडा हाताने साफ करायचीस, मग भिंतीकडे तोंड करून पडायचीस. मी मात्र त्या चिंध्यांमध्ये सुखाने लोळायचे, त्यामुळे मला वाटायचं तुझंच काहीतरी बिनसलंय. तुला मोकळी जागा हवी होती. तू ती मिळवलीस, कष्टाने. तुझ्या घरी आल्यावर मीही खोल श्वास घेते, खरं सांगते. आणि म्हणूनच पुढचं मागताना मला माहीत आहे की मी नेमकं काय मागतेय.

तू हे वाचून आधी टेम्पोवरून रागावशील. मग मला फोन करून म्हणशील, डॉक्टरांना विचार, फोटोंच्या पाट्या करून भिंतीवर लाव, नावं लिही, व्यायाम असतात त्यासाठी. विचारलंय. लावल्यात. केलेत. तुझ्या निवासाच्या बाईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या वयोमानाने होतंच असं. होत असेल. मी तेवढ्यावर गप्प बसणार नाही. आईच्या तोंडून तुझं नाव पुन्हा येईपर्यंत मी हा विषय सोडणार नाही, आणि तुलाही सोडू देणार नाही.

यापुढे तुझा फोन आला की मी तो आईच्या हातात देईन. ती काय बोलेल ते मी आधी सांगू शकत नाही. तू ते ऐकावंस, एवढं मात्र मी ठरवलंय.

आणि एक तारखेला तू ये. रजा घेतलेलीच आहेस. रिकाम्या हाताने नको, मोठी बॅग घेऊन ये, तुझे रोजचे कपडे, चष्म्याचं घर, वाचत असलेलं पुस्तक, औषधं, सगळं. आल्यावर ती बॅग खोलीच्या मधोमध उघड आणि पसरून राहा. ओला टॉवेल पलंगावर टाक. कंगवा मशीनवर. आईने काही उचलून दुसरीकडे ठेवलं तर ठेवू दे. आठवडाभर कशाचीही घडी घालू नकोस.

तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. तरी मागते. जाताना एकटीच जा, बॅग भरू नकोस.

तुझी,
धाकटी