कडेच्या नलिका

सर,

यंदा गुरुपौर्णिमेच्या सकाळी मी तुमचा फोटो देव्हाऱ्यातून काढला. अंघोळ झाली होती, निरंजन लावलं होतं, आदल्या दिवशी इथल्या लिटिल इंडियाच्या बाजारातून आणलेला मोगऱ्याचा गजरा ताटलीत होता. दरवर्षी त्याचे दोन तुकडे करतो, अर्धा देवाला, अर्धा तुम्हाला. यंदा सगळा देवाला वाहिला. तुमच्या फोटोची काच पंच्याच्या टोकाने पुसली आणि फोटो उदबत्तीच्या खणात पालथा ठेवून दिला. बायको चहा घेऊन आली आणि रिकाम्या जागेकडे बघत राहिली. "अहो, सर कुठं गेले?" मी म्हटलं, "खणात." "का? त्यांना काय शिक्षा झालीय?" ती हसत होती. मी हसलो नाही, तेव्हा तिने कप खाली ठेवला. "गेलेल्या माणसावर राग धरायला आजचाच दिवस सापडला का तुम्हाला?" चहा तसाच टाकून मी बुकित बातोकच्या स्टेशनवर चालत गेलो आणि एमआरटीच्या गाडीत उभ्याउभ्या नामस्मरण करायचा प्रयत्न केला. दर वेळी मधे तुमचा आवाज येत होता.

राग का, ते सांगतो. आदल्या आठवड्यात आमच्याकडे एक बैठक झाली. माझ्याबरोबर काम करणारी एक डॉक्टर आहे, इथलीच, चिनी घरातली, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि कामाला वाघीण. ज्या पुरुषांना कर्करोगाची औषधं घ्यायची आहेत आणि ज्यांच्या वीर्यात आधीपासूनच शुक्राणू सापडत नाहीत, अशांच्या वृषणाचा छोटा तुकडा ती काढून घेते. त्यातला कणभर भाग तपासायचा, मूळपेशी असतील तर उरलेला गोठवून ठेवायचा. अशा तुकड्यातून कुणाला मूल झालेलं मी अजून पाहिलेलं नाही, पण उद्या होईल या आशेवर आम्ही सगळे काम करतो. मूळपेशी नसतील तर तुकडा टाकून द्यायचा. त्या दिवशी तिच्यासमोर एका तरुणाचा अहवाल होता. गडद केंद्रकांच्या पेशी जवळजवळ नाहीत, सबब मूळपेशी नाहीत, सबब ठेवू नये. हे ठरवायचा तक्ता तिने पडद्यावर लावला आणि माझ्याकडे वळून इथल्या बोलीत म्हणाली, "युअर पेपर, राइट? ओल्ड बट गुड, लाह." खाली दोन नावं होती. तुमचं आणि माझं.

मला वाटलं होतं की तो लेख कधीच मेला असेल. आता पेशीच्या अंगावरची प्रथिनं चमकवून बघतात, एकेक पेशी सुटी करून तिच्यात कोणती जनुकं जागी आहेत ते वाचतात. गडद आणि फिकट एवढ्यावर मूळपेशी ठरवणारे आता फारसे उरलेले नाहीत. पण आपला तक्ता साध्या रंगावर चालतो, अर्ध्या दिवसात उत्तर देतो, म्हणून तो कुठल्या कुठल्या यादीतून सरकत इथवर आला होता, आणि एका माणसाचं उद्याचं मूल त्याच्यावर अडलं होतं. मी म्हटलं, "दोन दिवस थांब. टाकू नकोस." ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, "मला परत बघायचंय." खरं कारण तेव्हाही तोंडातून निघालं नाही.

तुम्हाला तो दिवस आठवणार नाही. मला तुमच्या शर्टाचा रंगसुद्धा आठवतो. शस्त्रक्रियेतून आलेले सुपारीएवढे तुकडे आपण पेशी टिकवणाऱ्या पिवळ्या द्रावणात टाकायचो, हाताला लागलं की हळदीसारखे डाग चार दिवस जायचे नाहीत. मग त्यांचे काप काढून, रंगवून, गोल नलिकांच्या भिंतीला टेकलेल्या गडद पेशी मोजायच्या. त्या गडद पेशी म्हणजेच मूळपेशी, हे तुमचं म्हणणं. महिनाभर मोजल्यावर मला दिसलं की गडद पेशी तुकड्याच्या मध्यावर भरपूर आहेत आणि कडेकडेने जवळजवळ नाहीत. आणि कडेच्या त्याच नलिकांत शुक्राणू तयार व्हायचं काम मात्र जोरात चाललेलं. मूळ नाही आणि वर झाड डोलतंय, असं कसं? तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघरातली आई आठवली. लोणचं मुरलं की नाही बघायला ती एक फोड चिरायची. कड पिवळी झालेली, मधला भाग अजून पांढरा. आपलं द्रावणही कडेनेच आत जाणार. मधल्या पेशींपर्यंत ते उशिरा पोचतं, तोवर त्या आक्रसतात, गडद होतात. म्हणजे गडदपणा हा पेशीचा गुण नसेल, वाट बघण्याचा असेल.

मी हे तुम्हाला सगळ्यांसमोर सांगितलं, ही माझी चूक. मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल. तुम्ही चष्मा काढलात. "लोणचं? अरे, ऐका रे सगळे! इथं आपण केस पांढरे केले मूळपेशी शोधण्यात, आणि याच्या आईला त्या बरणीत सापडल्या." सगळे हसले. मग तुम्ही म्हणालात, "कड चिमट्यानं दबते. कड मोजायची नसते. हे पहिल्या वर्षाला शिकवतात, तुझ्या झेडपीच्या शाळेत शिकवलं नसेल."

कड सोडायची, हा नियम खराच आहे, सर. मीही आज शिकवतो. पण चिमट्याने दबते ती कड केसभर. मी विचारलं, "सर, कुठपर्यंत कड धरायची?"

आणि तुम्ही म्हणालात, "तुझं लोणचं मुरतं तिथपर्यंत."

एवढी वर्षं मी या वाक्याला विनोद समजत होतो. आता मला त्याची चीड येते. कारण त्यातच सगळं आहे. मी म्हणत होतो ते तुम्हाला कळलं होतं. ज्याला कळलं नाही तो रागावतो, नाहीतर समजावतो. तुम्ही नेमकी सीमा आखून दिलीत, जिथपर्यंत माझी शंका पोचते तिथपर्यंतचं सगळं वगळ. मग उरलेल्या मधल्या नलिकांतून तुमचंच म्हणणं सिद्ध झालं, दुसरं काय होणार होतं? आणि तेच लोणचं तुम्ही दर वर्षी खात होतात! आई मे महिन्यात बरणी भरून द्यायची, फडक्याने तोंड बांधून, "तुझ्या गुरुजींना दे" म्हणून. तुम्ही बोट चाटत म्हणायचात, "आईला सांग, यंदा मोहरी जरा कमी पडलीय." मी तिला हे कौतुकाने सांगायचो आणि ती पुढच्या वर्षी मोहरी वाढवायची. तिच्यावर सगळी प्रयोगशाळा हसली होती, हे तिला मी कधी कळू दिलं नाही. ती गेली तेव्हाही तुम्ही तिच्या लेखी देवमाणूसच होतात.

लेख छापून आला त्या दिवशी तुम्ही मला मोजणीचं यंत्र दिलंत, तुमचं स्वतःचं, अंगठ्याने दाबलं की आकडा पुढे सरकणारं, पोलादी. "हात सरळ आहे तुझा," म्हणालात. मी तुमच्या पाया पडलो. ते यंत्र माझ्याबरोबर तीन शहरं फिरून इथे आलं. सकाळी नमुन्याचा डबा उघडण्याआधी ज्याचा तुकडा आहे त्या अनोळखी माणसाला मी हात जोडतो, त्यालाही तुम्ही हसला होतात, "नमस्कारानं पेशी वाढत नाहीत रे." वाढत नाहीत, सर. पण समोरचा तुकडा कुणाचा तरी आहे, हे विसरायला होत नाही. तुम्ही विसरला होतात.

मागून घेतलेल्या दोन दिवसांत मी त्या तरुणाच्या तपासणीच्या भागाचे नवे काप केले. तो भाग इथल्या रीतीने डाळीएवढा केलेला, काढल्या काढल्या द्रावणात टाकलेला. म्हणजे सगळाच कडेचा, मध्य असा त्याला नव्हताच. गडद पेशी कुठून दिसणार? प्रथिनं चमकवणारा रंग लावला आणि मायक्रोस्कोपखाली नलिकेच्या भिंतीला टेकून त्या बसलेल्या दिसल्या. एखाद-दुसरी, मग चार एका ओळीत, शांत. मी यंत्र हातात घेतलं आणि कडेपासून मोजायला लागलो. माझा अंगठा दुखला, तरी थांबलो नाही. त्या डॉक्टरला बोलावलं. ती बराच वेळ बघत होती. मग डोळा न काढता म्हणाली, "तुला हे आधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, "हो." "किती आधीपासून?" मी म्हटलं, "लेख लिहायच्या आधीपासून." ती माझ्याकडे वळली. तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मग आता लेख छापणाऱ्यांना तूच सांग." त्या दिवशी तक्ता आमच्या तपासण्यांच्या यादीतून निघाला. उरलेला जिवंत तुकडा गोठवणीत आहे.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. तुम्ही ते वाक्य बोललात आणि दुसऱ्या दिवशी परिषदेला निघून गेलात. तीन आठवडे प्रयोगशाळेत माझ्यावर लक्ष ठेवायला कुणी मागे उभं नव्हतं. पहिल्या दिवशी मी कडेच्या नलिकाही मोजल्या. ते आकडे माझ्या जुन्या वहीत आहेत, माझ्याच अक्षरात. दुसऱ्या दिवशी मोजल्या नाहीत. कुणी अडवलं नव्हतं. मला भीतीही वाटत नव्हती, सर. तुम्ही परत आल्यावर "हात सरळ आहे" असं म्हणावं, एवढंच मला हवं होतं, आणि तुम्ही म्हणालात तेव्हा मी इतका सुखावलो की वही पुन्हा उघडली नाही.

तेव्हा आपला लेख मागे घ्यावा म्हणून नियतकालिकाला लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात सगळा दोष तुमचा होता. लिहिताना फार बरं वाटलं. दुसऱ्यात सगळा माझा, कारण तुम्ही उत्तर द्यायला नाही आहात आणि गुरूबद्दल असं लिहू नये असं मनात आलं. तोही फाडला, तोही खोटाच होता. शेवटी एक ओळ लिहिली, कड सोडण्याची सूचना मार्गदर्शकांची, मोजणी माझी. सोबत वहीतल्या त्या एका दिवसाच्या पानाचा फोटो जोडला. हे पत्र त्याच वहीत घालून ठेवणार आहे. तुमचा फोटो अजून खणातच आहे. बायको काल म्हणाली, "सरांना वर आणू का?" मी म्हटलं, "राहू देत अजून." राग गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाई नाही. पण नियतकालिकाचं ते पत्र गुरुवारी, जेवायच्या सुट्टीआधी, दोन्ही नावांसकट मी पाठवून दिलं.