थांबलोय, या

रवि. २२ सप्टें.
कात्रज ते सिंहगड एकदाचा झाला. तेरा टेकड्या म्हणतात. मी सोळा मोजल्या, सुधीर म्हणतो अकरा. चोवीस वर्षांचा संसार, पण एका आकड्यावर एकमत असेल तर शपथ.
सकाळी सहाला जुन्या बोगद्यापाशी रिक्षा सोडली. नऊपर्यंत टोपी लागेल असं ऊन, मग धुकं, मग भुरभुर, परत ऊन. माझे पाय तुटलेत. त्याचा गुडघा टम्म.
सहाव्या-सातव्या टेकडीवर धुक्यात पोळी-चटणी खात बसलो होतो, तेव्हा मागून हाक आली. पुरुषाचा आवाज. "ओऽ, कुणी आहे का?" डोंगरात हाक आली की ओ द्यायची, बाबांनी लहानपणीच शिकवलेलं. मी ओरडले, "आहोत! थांबलोय, या!" तिकडून, "थांबा हं!" पाचेक मिनिटं थांबलो, दोनदा परत ओ दिली. मग पाऊस कोसळला. सुधीर म्हणाला, "चल, उतार निसरडा व्हायच्या आत." निघालो.
बाकी उद्या.

सोम. २३
तो माणूस खाली उतरला का? सकाळपासून दुसरं काही डोक्यातच नाही.
काल लिहिलं नाही ते लिहिते. पुढची टेकडी चढताना परत ऐकलं होतं मी. "ओऽ, आहात ना?" मी ओ दिली नाही. पुढे आलोय म्हणून सांगायची लाज वाटली. लाज!
चहाच्या वेळी सुधीरला विचारलं, "त्याचं काय झालं असेल रे?"
"कुणाचं?"
"हाका मारत होता तो."
"मला नाही ऐकू आलं काही." पेपरातून मानसुद्धा वर नाही.
"मग पाच मिनिटं थांबला होतास कशाला?"
"पोळी संपवत होतो."

मंगळ. २४
पेपर आतल्या पानांसकट वाचला. काही नाही. बातमी नाही म्हणजे सुखरूप, की अजून कुणाला सापडलाच नाही म्हणून...
ट्रेकच्या ग्रुपवर विचारलं. एका पोराचं उत्तर, "उतरला असेल हो काकू, चिल." काकू तुझी... असो.
चौकीत फोन केला. हवालदार भला होता. नाव? माहीत नाही. वय? माहीत नाही. कपडे? धुक्यात दिसलाच नाही. "मॅडम, म्हणजे नक्की हरवलंय कोण?" तशी कुणाची तक्रार आलेली नाही म्हणाला. तरी माझा नंबर लिहून घेतला. फोन ठेवल्यावर मलाच खुळ्यासारखं झालं.

गुरु. २६
खालून वॉचमनने कुणाला तरी हाक मारली. मी गॅलरीतून ओरडले, "आहोत!" समोरच्या बाई बघायला लागल्या. बघेनात का.
सुधीर हल्ली टीव्ही मोठा लावतो. कान चांगले आहेत त्याचे. मी लाडवाचा डबा उघडला तरी आतल्या खोलीत कळतं.
भीती वाटते. त्या माणसाची नाही. मी "थांबलोय" म्हटलं नसतं तर तो आपल्या वाटेने गेला असता. माझ्या आवाजामागे आला असेल, आणि तिथे कुणीच नाही.

शनि. २८
एकटीच कात्रजला गेले. घरात सांगितलं, बँकेत जाते. आज चौथा शनिवार, बँक बंद, हे सुधीरलाही ठाऊक.
लख्ख ऊन. पहिल्या टेकडीवर जाऊन जीव खाऊन हाक मारली. खाली मेंढरं चरत होती, एका धनगराने हात केला. बाकी काही नाही.
बोगद्यापाशी एक मावशी ताक विकतात. गेल्या रविवारी कुणी एकटा माणूस वर गेला का, विचारलं.
"लई जनं जात्यात की, बाई." मग आठवून म्हणाल्या, "येक स्कूटर व्हती बगा. आयतवारपास्नं हितं उबी व्हती."
"मग?"
"मंगळवारी न्हवती."
"कुणी नेली?"
"मी काय राखन बसलीया व्हय? नेली आसंल ज्याची त्यानं. न्हाईतर घरच्यांनी."
लोक सिंहगडाला उतरतात, बसने घरी जातात, गाडी सवडीने नेतात. असंही होतं. रिक्षात घरापर्यंत स्वतःला हेच सांगत आले.

सोम. ३०
बुधवारी सर्वपित्री. सासूबाई आणि मामंजी, अशी दोन पानं असतात आमच्याकडे. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचंही त्या दिवशी चालतं. सुधीरला म्हटलं, "यंदा एक पान जास्तीचं वाढू या."
भडकलाच. "जिवंत माणसाचं पान वाढतेस? डोकं फिरलंय तुझं! खुशाल घरी बसून वरण-भात खात असेल तो!"
कुणाचं पान, हे मी सांगितलंच नव्हतं.

बुध. २ ऑक्टो.
पहाटेपासून स्वयंपाक. खीर, वडे, अळूवडी, आमसुलाची चटणी. सुधीर आंघोळ करून आला, केळीची पानं पुसून मांडली. तीन मांडली.
"ऐकलं होतं मी," म्हणाला. "पुढच्या टेकडीवरचंही. परत मागे चढायचं म्हणजे... गुडघा काही इतका नव्हता गं दुखत. घाबरलो मी. वाटलं, मी ऐकलंच नाही म्हटलं की हळूहळू तूही..."
आठवडाभर हेच ऐकायला जीव टाकत होते. भांडायला हवं होतं. रडूच आलं, दोघांनाही.
दोन पानं वाढून झाली. तिसऱ्यापाशी आला, पाणी हातात. "नाव काय घेऊ?"
माझ्याच्याने होईना. खिरीचा डाव हातात तसाच. वाढलं की तो गेला, आम्हीच ठरवल्यासारखं. "नको," म्हटलं. "नको वाढूस."
गच्चीवर दोनच पानं नेली. कावळा लगेच शिवला दोन्हींना.
आता तीन वाजतायत. जेवायला बसायचं तर जमिनीवरचं ते रिकामं पान उचलायला हवं. सुधीर दोनदा वाकला, परत उभा राहिला. मीही नाही उचललं.