फादर दादाची परवानगी

देरा, दुबई
१२ जानेवारी १९६९

प्रिय फादर दादा,

जय ख्रिस्त. आम्ही मजेत. हवा छान आहे, सकाळी शाल लागते. नाताळला पाठवलेली वसईची सुकेळी पोचली, मुलांनी लगेच फस्त केली. आशीर्वाद मात्र या वेळी मागत नाही.

उर्सुलाचं विचारलंस. तिला तिसरा मुलगा झाला. ती अजून हॉस्पिटलात आहे. रक्त थांबेना, तेव्हा आमच्या शेजारी राहणाऱ्या, मूळ रत्नागिरीच्या खैरुन्निसाने रक्त दिलं, म्हणून आपली धाकटी बहीण वाचली. डॉक्टर म्हणाले, पुढचं बाळंतपण म्हणजे मरण, मूल न होण्याचं ऑपरेशन आत्ताच करून घ्या. नवरा तयार. पण बाईसाहेबांचं एकच, "फादर दादा हो म्हणेल तरच."

कारण तू तिला लिहिलं होतंस की गेल्या जुलैत पोपसाहेबांनी मूल न होण्याच्या अशा उपायांना मनाई केली आहे, ऑपरेशन केलंस तर पापक्षमा नाही, कम्युनियन नाही. सख्ख्या बहिणीला! लाज कशी वाटली नाही रे?

आपल्या पणजोबांनी रोमने धाडलेल्या पाद्र्याला देवळाची किल्ली दिली नव्हती. "पोपला मान देऊ, पण इथे पाद्री नेमायचा हक्क पोर्तुगालच्या राजाचा," म्हणून दारात आडवे पडले. सणाच्या प्रवचनात ही गोष्ट तू छाती फुगवून सांगतोस. म्हणजे किल्लीसाठी पोपचा शब्द अडवता येतो, आणि बाईच्या जिवाचा प्रश्न आला की तोंडाला कुलूप? कॅनडाच्या बिशपांनी तर म्हणे लोकांना सांगितलं, ही मनाई पाळणं जमत नसेल तर आपापल्या विवेकाने ठरवा. ते काय कॅथलिक नाहीत?

खैरुन्निसा म्हणाली, "अगो, तुमचे पोप कधी बाळंत झाले?" मला आधी हसू आलं, मग रडूच कोसळलं.

तुला तारेने विचारते, असं मी तिला सांगितलं होतं. शुक्रवारी उर्सुलाने पुन्हा विचारलं, "दादाचं काही आलं?" मी म्हटलं, हो, तार आली. "ऑपरेशन कर, पाप लागणार नाही," असं कळवलंय. तिने क्रूसाची खूण केली आणि सही केली. काल ऑपरेशन झालं. आज पोटभर जेवली, आणि म्हणाली, दादा किती चांगला आहे.

तू तार केली नव्हतीस. तिला खरं सांगायचं असेल तर खुशाल सांग. पण पत्राने नाही. इथे ये, तिन्ही लेकरं तिच्या कुशीत असताना तोंडावर सांग.

तुझ्या नावाने खोटं बोललेली, आणि त्याचं कन्फेशन कधीच न करणारी,
तुझी बहीण
नातालीन