बुधवारची चार तिकिटं

हाँगकाँग, सोमवार

प्रिय ताईला नोरलिनचा नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही दोघं, माझा नवरा रोडेल आणि मी, अशी चौघांची पार्कची तिकिटं काढली. रविवारी दर चढा असतो, म्हणून बुधवार धरला. माझी सुट्टी रविवारची, पण मॅडमनी बदलून दिली. दोनदा विचारावं लागलं, इतकंच.

विमानात माणशी सातच किलो सामान फुकट आहे. सुकी मासळी आणू नकोस, इथे मिळते. बरं, थोडी आण.

दाजी चौघांचे एकसारखे पिवळे टी-शर्ट छापून घेताहेत म्हणे! माझा आता एक माप लहान सांग, बारीक झालेय. रोडेलला मात्र हे सांगू नकोस, उगाच काळजी करेल.

उंच पाळण्याची भीती वाटते, मी खाली पिशव्या सांभाळेन, असं तू लिहिलंस. ते चालायचं नाही. मॅडमच्या मुलांबरोबर मी तिथे सहा वेळा गेलेय. कुठली रांग कधी लहान असते, सगळं पाठ आहे. पाळण्यात मात्र एकदाही बसले नाही, पिशव्या माझ्याकडे असायच्या.

या खेपेला पिशव्या दाजींकडे देऊ. तू माझ्या शेजारी बस.

तुझी धाकटी,
नोरलिन