साठ मफिन आणि बांधावरची गोरखचिंच

रहाटणी,
शनिवार, दुपार

तीर्थरूप ज्योतीराममामांना विजयश्रीचा वाकून नमस्कार.

मामा, बांधावरच्या त्या गोरखचिंचेचा माणसाला उपयोग काय? प्रश्न तुमचाच आहे. माझ्या अन्नशास्त्राच्या पदवीच्या जेवणात, जिलेबी वाढता वाढता, बारा-पंधरा पाहुण्यांसमोर तुम्ही तो मला विचारला होता आणि मी सावली, पक्षी, ऑक्सिजन असं काहीबाही बोलले होते. तुम्ही म्हणालात, "आक्सिजन हाय आमच्याकडं पुरेसा." सगळे हसले. मीही हसले, पण पुढची जिलेबी पानातच राहिली. खरं सांगते, त्या प्रश्नाचं नीट उत्तर मला आजही देता येत नाही. आणि परवा सोमवारी बाळू करवतीचं यंत्र घेऊन ते झाड पाडायला येणार आहे, कारण बांधालगतच्या गोदामवाल्यांच्या कंटेनरला वळायला जागा हवी, असं मामीने गुरुवारी सांगितलं. पण हे पत्र झाडाबद्दल नाही. हे पत्र मफिनबद्दल आहे.

तुमची तब्येत बरी असेल. मामीचा गुडघा कसा आहे? (तिला जिने चढायला मनाई आहे, आणि तुमच्या घराला जिनाच नाही, म्हणून ती माळ्यावर चढते, असं आईचं म्हणणं आहे.) चांदी म्हैस व्याली का? इकडे आम्ही सगळे मजेत. अण्णांची या आठवड्यात पहिली शिफ्ट आहे. आई ठणठणीत. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की फोनवर तुम्ही "हां, बोल" म्हणता, फोन दुधाच्या कॅनवर ठेवता आणि धारा काढायला बसता. मग माझं बोलणं म्हैस ऐकते. कागद मात्र तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, पेढ्याच्या खोक्यावरचासुद्धा. म्हणून हा कागद सोनबाच्या दुधाच्या टेम्पोने पाठवते आहे, सोबत डबा आहे. आधी पत्र वाचा, मग डबा उघडा.

मफिन म्हणजे वाटीएवढा केक. माझे मफिन व्हीगन आहेत, म्हणजे त्यात अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. जनावराकडून घेतलेलं काहीच नाही. तुमचं सगळं घर दुधावर चालतं आणि भाची बिनदुधाचा केक करते, हे वाचून तुम्ही चष्मा काढून पुसला असेल. पुसा, मी थांबते. हा म्हशींचा अपमान नाही. दूध न पचणारी, अंडं न चालणारी माणसं जगात बरीच आहेत आणि त्यांनाही चहाबरोबर काहीतरी खावंसं वाटतं, एवढाच विचार. सोनबाला मी शेंगदाण्याचं दूध दाखवलं, तेव्हा त्याने वास घेतला, चमचा हलवला आणि गंभीरपणे विचारलं, "फॅट किती लागती ह्याची?" आमच्या इमारतीतल्या काकूंना वाटलं हा उपासाचा प्रकार आहे. एकादशीला चालेल का, असं तिघींनी विचारलं. त्यात गव्हाचं पीठ आहे म्हटल्यावर त्या आणखीच गोंधळल्या, की गहू चालतो आणि दूध चालत नाही असा हा कुठला उपास. शेवटी आईनेच त्यांना परस्पर सांगून टाकलं, "नवस हाय तिचा काईतरी. नोकरी लागूस्तवर दूध न्हाई." त्या दिवसापासून सगळ्या माझ्याकडे फार मायेने बघतात.

आता त्यातली मुख्य वस्तू. संक्रांतीला मामीने मला तुमच्या झाडाखाली पडलेली गोरखचिंचेची फळं पोतंभर दिली होती (तुम्ही म्हणालात, "ने बाई, तेवढाच कचरा कमी"). ते मखमली कवच हातोडीने फोडलं की आत पांढरा, कोरडा, आंबट गर असतो. तो वाळवावा लागत नाही, झाडावरच वाळतो. खलबत्त्यात हलक्या हाताने कुटला आणि बारीक चाळणीने चाळला की बिया आणि धागे वर राहतात आणि खाली पावडर पडते. या पावडरीत चोथा आहे, कॅल्शियम आहे, क जीवनसत्त्व तर संत्र्याहून जास्त आहे. (भट्टीच्या उष्णतेने ते जीवनसत्त्व बरंचसं नाहीसं होतं. हे मी मफिन देताना प्रत्येकाला आपणहून सांगते. अण्णा म्हणतात, "कुणी इचारलं होतं का?") शिवाय तिच्या आंबटपणामुळे सोडा फुलतो आणि मफिन अंड्याशिवाय वर येतो. आम्ही लहानपणी ज्या बिया चोखून एकमेकांवर थुंकत होतो, त्यांच्याभोवती हे सगळं होतं, मामा. तीन वर्षं कॉलेजात जे शिकले ते एक दिवस आमच्या ओट्यावर डोळ्यांसमोर फुगून वर आलं.

पहिल्या खेपेला नाही आलं, तेही सांगते. पावडर जास्त झाली, मफिन भट्टीत टोपीसारखे फुगले आणि बाहेर काढल्यावर बसले. आईने एक खाल्ला, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "लोनचं म्हनून चांगलं हाय." तुम्हाला माहीत आहे, अण्णा वीस वर्षं चाकणला कंपनीत पत्र्याचे भाग तपासायच्या कामावर आहेत. त्यांनी कपाटातून मापाचा कॅलिपर आणला, बारा मफिनची उंची मोजली, वहीत लिहिली आणि बाथरूममधला लाल टब आणून त्यात बाराही टाकले. कंपनीत नापास माल लाल टबात जातो. तेव्हापासून आमच्या घरात रोज संध्याकाळी तपासणी व्हायची. चार मिलिमीटर बुटका, लाल टब. कडेला चीर, लाल टब. एकदा मी म्हटलं, अण्णा, हा खायचा पदार्थ आहे, गाडीचा दरवाजा नाही. ते म्हणाले, "दरवाजा निदान पोटात जात न्हाई." अकराव्या खेपेला टब रिकामा राहिला. अण्णांनी कॅलिपर पुसून ठेवला आणि खालच्या दुकानातून स्वतः चहाचं दूध आणलं. मला माहीत आहे, त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक कोणाला मिळालेलं नाही.

मग अण्णांनी जे केलं ते मला आधी कळलंही नव्हतं. त्यांच्या कंपनीत परदेशी पाहुणे येतात. त्यातल्या काहींना दूध-अंडं चालत नाही, म्हणून दर वेळी त्यांच्यासमोर केळी ठेवतात. कर्मचाऱ्यांचं सगळं बघणाऱ्या निवेदिता मॅडम याच चिंतेत होत्या. वीस वर्षांत कुठल्या साहेबाकडे रजेशिवाय काही न मागितलेले आपले अण्णा त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माझी मुलगी करते. शिकलेली हाय त्यातलं." बुधवारी साठ मफिन नमुना म्हणून आणा, पसंत पडले तर दर शुक्रवारी साठ, असं ठरलं.

बुधवारी पहाटे आम्ही तिघं कंपनीच्या बसने निघालो. मॅडमनी तशी परवानगी काढली होती. अण्णांच्या पाच मित्रांनी एकेक ट्रे मांडीवर धरला आणि मोशीच्या पुढे खड्डा आला की सगळे एकदम ट्रे उचलायचे, आरतीच्या ताटासारखे. फाटकावर रखवालदाराने नोंदवही उघडली. माल काय? मफिन. किती नग? साठ. परत जाणार की नाही? मी अभिमानाने सांगितलं, परत जाणार नाहीत. त्याने लिहिलं, "परत न जाणारा माल, ६० नग," आणि शिक्का मारला. हा शिक्का लक्षात ठेवा.

वर बैठकीच्या खोलीत मॅडम आणि आणखी चार अधिकारी होते. मी उभी राहून सगळं सांगितलं. प्राण्यांचा एकही पदार्थ नाही, हेही ठासून सांगितलं. मॅडमनी मफिन उचलला, तसा तो कागदातून अलगद सुटला. त्या म्हणाल्या, किती छान सुटतो. आणि दाराशी उभी असलेली आई (तिला आत बोलावलं नव्हतं, पण तिला बाहेर ठेवणं तुम्हालाही कधी जमलेलं नाही) कौतुकाने म्हणाली, "मग, चिकटंल कसा. साच्याच्या कागदाला हात फिरवलाय तुपाचा. घरच्या म्हशीचं, माझ्या भावाकडचं."

मॅडमचा मफिन तोंडापासून दोन बोटांवर थांबला. मी आईकडे बघितलं. तिने हळूच मला समजावलं, "अगं, कागदाला लावलं. केकात थेंब न्हाई." मामा, तिचं चुकलं नाही. आपल्याकडे तव्याला लावलेलं तूप भाकरीत कोण धरतं? कोणी खाऊनही कळलं नसतं. एक साहेब म्हणालेसुद्धा, की एवढंसं चालतं. पण अण्णा आईच्या मागे उभे होते, टोपी हातात धरून, आणि मला एकदम आमचा लाल टब आठवला. मी म्हटलं, मॅडम, हा माल नापास आहे. मी परत नेते. तुम्ही म्हणाल तेव्हा पुन्हा आणीन. मॅडमनी मफिन खाली ठेवला आणि म्हणाल्या, पाहुणे शुक्रवारी येणार आहेत, शुक्रवारी आणा.

आम्ही ट्रे घेऊन फाटकावर आलो तर रखवालदार सोडेना. नोंदवहीत "परत न जाणारा माल" लिहिलेलं. परत न जाणारा माल परत कसा जाईल? अण्णांनी समजावलं, मी समजावलं. तो म्हणाला, "ताई, चारीच्या चारी ट्रे उद्या आत सापडले न्हाईत तर माझी ड्युटी जाईल." (ट्रे पाच होते, पण ते त्याला सांगण्याची ती वेळ नव्हती.) तेवढ्यात पहिल्या शिफ्टची चहाची सुट्टी झाली. पुढचं लिहायला फार जागा लागणार नाही. प्रेस शॉपच्या, म्हणजे अण्णांच्या पत्रा दाबायच्या विभागातल्या, लोकांनी साठ मफिन सात मिनिटांत संपवले. मी धावत प्रत्येकाला सांगत होते, यात तूप आहे हं. ते म्हणत होते, "मग तर लईच भारी." एकाने आईला पाककृती विचारली आणि आईने ती चुकीची सांगितली.

गुरुवारी अण्णांची सुट्टी होती. पोत्यातली फळं संपली होती, म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो. तुम्ही राजगुरुनगरला गेला होतात. झाडाखालची उरलेली अठरा फळं मामीने वेचू दिली आणि तेव्हाच सोमवारचं सांगितलं. परतताना बसमध्ये आई झाड दिसेनासं होईपर्यंत मागच्या काचेतून बघत होती. त्या रात्री आईने साच्यांना स्वतः शेंगदाण्याचं तेल लावलं आणि तुपाचा डबा शेजारणीकडे नेऊन ठेवला, स्वतःवर विश्वास नको म्हणून. शुक्रवारी पाहुण्यांनी मफिन खाल्ले. त्यातल्या एका उंच बाईंनी दोन खाल्ले आणि एक पर्समध्ये ठेवला. मॅडमनी दर शुक्रवारचं पत्र दिलं, माझ्या नावाचं, माझ्या पदवीसकट. अण्णांनी ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं आहे. फळ कुठलं ते लेबलवर छापा, असं मॅडम म्हणाल्या, म्हणून मी छापलं: "गोरखचिंच, ज्योतीराममामांच्या बांधावरची." लेबलं पाचशे छापली. कमी छापत नाहीत.

मामीला नमस्कार. चांदीला कुरवाळा.

तुमची,
विजू

ता. क. झाडावर अजून लटकलेली फळं सोनबाबरोबर पाठवा. दोन पोती पुरतील. कवच फोडू नका.

आणखी एक. गुरुवारी अण्णांनी तुमच्या बांधावर टेप लावला होता. कडब्याच्या जुन्या खोपीची भिंत चार फूट मागे घेतली तर कंटेनर झाड न पाडता वळतो. पत्राच्या मागे त्यांनी नकाशा काढला आहे, मिलिमीटरमध्ये. येत्या गुरुवारी ते प्रेस शॉपचे चौघे घेऊन खोप उतरवून मागे बांधायला येणार आहेत. जेवण तुमच्याकडे.

आणखी. आईने हे लिहू नको म्हणून सांगितलं आहे. तिचा झोका त्याच झाडाला होता. तुम्ही तिला भाऊबीजेला दर वर्षी साडी देता, त्यातल्या सहा एकाच हिरव्या रंगाच्या आहेत, पण तिने आजवर स्वतःहून काही मागितलं नाही. आताही मागत नाही. मी मागते आहे.

आणि शेवटचं. बाळूला मी आज सकाळीच फोन केला. ज्योतीराममामांची भाची बोलतेय, सोमवारी येऊ नका, असं सांगितलं. "मामांनी सांगितलंय का?" त्याने विचारलं. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी म्हटलं, "उद्यापर्यंत सांगतील." तो बरं म्हणाला आणि त्याने सोमवारी दुसरीकडचं काम घेतलं. माझं ते वाक्य खरं ठरवणं एवढंच आता तुमच्याकडे राहिलं आहे.